मोठ्या अस्वलांच्या भागात जाताना कुठली बंदूक घ्यायची: एकेक पायरी नीट समजून घ्या

मे महिना आला, बर्फ वितळायला लागला की ओळखीच्या लोकांचे मेसेज सुरू होतात, अलास्कात मासेमारीला चाललोय, कॅम्पिंगला चाललोय, अस्वलासाठी कुठली गन घेऊ. आणि सगळ्यांना उत्तर एका ओळीत हवं असतं, पॉइंट ४४ मॅग्नम घे की १० एमएम घे (ही काडतुसांच्या मापांची नावं), संपला विषय. मी इथे नऊ वर्षं राहतोय, दर उन्हाळ्यात नदीकाठी आणि डोंगरात फिरतोय, आणि मला स्वतःला ही निवड नीट जमायला चार वर्षं लागली, त्यात एक चुकीची खरेदी झाली आणि एकदा अगदी गळ्याशी आलं होतं. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितो. हे ब्राऊन बेअर, म्हणजे ग्रिझली आणि किनाऱ्यावरची मोठी अस्वलं, आणि ध्रुवीय अस्वल यांच्याबद्दल आहे.

सगळ्यात आधी समोर काय आहे ते बघा

अलास्कातल्या कोडियाक बेटावरचा मोठा नर ६८० किलोपर्यंत जातो. आतल्या डोंगराळ भागातली ग्रिझली बरीच लहान असते, पण लहान म्हणजे सुद्धा दोन-तीन धट्टीकट्टी माणसं एकत्र धरा एवढी. आणि हे धूड ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास पळतं. म्हणजे सेकंदाला १५ मीटर. ३० मीटरवरून निघालं तर तुमच्या हातात दोन सेकंद आहेत, आणि झाडीत, उंच गवतात, ऑल्डरच्या झुडपांत ३० मीटर लांबचं दिसतच नाही.

आता यातली खरी अडचण लक्षात घ्या. अस्वल "मारणं" आणि अस्वल "थांबवणं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिकारी १५० मीटरवरून शांतपणे नेम धरून फुप्फुसात गोळी घालतो, अस्वल अजून शंभर मीटर पळतं आणि पडतं, शिकाऱ्याचं काही बिघडत नाही. तुमच्या अंगावर आलेल्या अस्वलाच्या हृदयातून गोळी आरपार गेली तरी त्याच्या मेंदूत उरलेल्या ऑक्सिजनवर ते दहा-पंधरा सेकंद सहज चालू राहू शकतं, आणि तेवढ्यात जे व्हायचं ते होऊन जातं. जागेवर थांबवायचं तर गोळी मेंदूत किंवा मणक्यात जायला हवी, नाहीतर खांद्याचं हाड मोडायला हवं म्हणजे पळणं बंद पडेल. आणि हे सगळं मधे जाड कातडी, केस, चरबी, खांद्यावरचा तो स्नायूंचा उंचवटा आणि भक्कम हाडं असताना. म्हणून अस्वलाच्या बंदुकीत पहिला प्रश्न पॉवर किती हा नसून गोळी आत किती खोल जाते हा आहे. हा एक मुद्दा डोक्यात पक्का बसला ना की पुढची अर्धी निवड आपोआप होते.

बंदुकीच्या आधी स्प्रे

बंदुकीच्या लेखात हे कशाला असं वाटेल, पण मी हे मनापासून सांगतोय, आधी बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाच्या तोंडावर मारायचा तिखट फवारा, घ्या, मग बंदुकीचा विचार करा. टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो या अस्वलांवर काम करणाऱ्या संशोधकांनी सहकाऱ्यांबरोबर अलास्कातल्या घटनांचा अभ्यास केलाय. २००८ मध्ये त्यांचा स्प्रेबद्दलचा अभ्यास आला, त्यात १९८५ ते २००६ मधल्या ८३ घटना होत्या, ब्राऊन बेअरच्या बाबतीत ९२ टक्के वेळा स्प्रेने अस्वलाचं नकोसं वागणं थांबलं, आणि जवळून सामना झालेल्या ज्या लोकांकडे स्प्रे होता त्यातल्या ९८ टक्के लोकांना काहीही इजा झाली नाही. मग २०१२ मध्ये बंदुकांबद्दल आला, १८८३ ते २००९ मधल्या २६९ घटना. त्यात हँडगन (पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर) ८४ टक्के आणि लांब बंदुका (रायफल, शॉटगन) ७६ टक्के वेळा उपयोगी पडल्या. आकडे वाईट नाहीत, पण त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की ज्यांनी बंदूक चालवली आणि ज्यांच्याकडे असूनही चालवली नाही, त्यांच्या इजांमध्ये फरक सापडला नाही. म्हणजे नुसती बंदूक जवळ असणं हे संरक्षण नाही. दोन्ही अभ्यासांतल्या घटना वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे ९२ विरुद्ध ८४ असा सरळ सामना लावू नका, पण दिशा कळते.

स्प्रे घेताना त्यावर अस्वलांसाठी असं स्पष्ट लिहिलेलं हवं, डबा किमान २२५ ग्रॅमचा हवा, माणसांपासून बचावासाठीचा छोटा पेपर स्प्रे चालत नाही. वारा उलटा असेल, मुसळधार पाऊस असेल, तंबूच्या आत असाल किंवा कडाक्याची थंडी असेल तर स्प्रे कमी पडतो, आणि तिथे बंदुकीची जागा येते. आणखी एक, स्प्रे विमानात नेता येत नाही, केबिनमध्ये नाही आणि चेक-इन सामानातही नाही, तो पोचल्यावरच घ्यायचा.

कायदा, आणि हा भाग व्हिसावाल्यांनी दोनदा वाचा

अलास्कात बंदूक ठेवायला राज्याचं लायसन्स लागत नाही हे ऐकून आपले लोक खूश होतात. पण अमेरिकेचा केंद्रीय कायदा वेगळा आहे. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला, म्हणजे टुरिस्ट, विद्यार्थी, एच-१बी सगळे आले, बंदूक किंवा काडतूस बाळगायलाच बंदी आहे, काही अपवाद सोडून. मुख्य अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स तुमच्याकडे असणं. मित्राची गन आहे, मी फक्त माझ्या सॅकमध्ये ठेवली, हे सुद्धा बाळगणंच झालं. हा गुन्हा फेडरल आहे आणि यात व्हिसा, पुढचं ग्रीन कार्ड, सगळं अडकू शकतं. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. तुमची स्थिती जरा जरी वेगळी असेल तर आधी वकिलाला विचारा.

नॅशनल पार्कमध्ये २२ फेब्रुवारी २०१० पासून त्या राज्याच्या कायद्यात बसत असेल तर बंदूक नेता येते, पण ती चालवण्याबद्दल पार्कचे नियम वेगळे आहेत, यलोस्टोनमध्ये गोळी झाडायला मनाईच आहे. म्हणून तिथे जाणाऱ्यांना मी सरळ सांगतो की स्प्रे घ्या, अस्वलापासून ९१ मीटर, म्हणजे त्यांच्या हिशोबात १०० यार्ड, लांब राहण्याचा नियम पाळा, आणि बंदूक घरीच ठेवा.

गाडीने कॅनडामार्गे अलास्कात येणार असाल तर हँडगन आणूच नका, अस्वलापासून बचाव हे कारण तिथे प्रवाशाला चालत नाही. साधी रायफल किंवा शॉटगन सीमेवर लेखी जाहीर करून, ठरलेली फी भरून ६० दिवसांसाठी नेता येते. विमानाने आणताना बंदूक रिकामी, कडक कुलूपबंद पेटीत, काउंटरवर सांगून चेक-इन करायची, काडतुसाच्या वजनाला मर्यादा असते ती एअरलाइनकडे आधीच विचारून घ्या.

आता तुम्ही तिथे नक्की काय करणार आहात

दुकानात जायच्या आधी या प्रश्नाचं खरं उत्तर स्वतःला द्या, कारण इथेच बहुतेकांची खरेदी चुकते. कॅम्प लावून एका जागी बसणार असाल, किंवा चार जण काम करत असताना एक जण फक्त पहारा देणार असेल, तर लांब बंदूक, म्हणजे रायफल किंवा शॉटगन, यात काही वादच नाही. पण दोन्ही हातात गळ धरून कमरेएवढ्या पाण्यात उभे असाल, पाठीवर वीस किलोची सॅक घेऊन चढत असाल, सायकल चालवत असाल, तर रायफल कुठे असणार? सॅकला बांधलेली, नाहीतर काठावर झाडाला टेकवलेली. झाडाला टेकवलेली रायफल अस्वल आल्यावर तुमची नसते, तिच्यापर्यंत पोचायलाच ते दोन सेकंद जातात. अशा कामात छातीवरची हँडगन, कमी ताकदीची असली तरी, जास्त उपयोगाची.

माझा नियम असा आहे: जी बंदूक दिवसभर अंगावर राहील आणि जिच्यातून तुम्ही दोन सेकंदांत दोन गोळ्या जागेवर घालू शकता, त्यातली सगळ्यात मोठी घ्या. आधी अंगावर राहणं, मग नेम, मग ताकद. क्रम उलटा केला की पैसे गेले.

रायफल

अस्वलासाठी सगळ्यात भरवशाची हीच. १९८३ मध्ये अमेरिकेच्या फॉरेस्ट सर्व्हिसने अलास्कात काम करणाऱ्या आपल्या लोकांसाठी एक चाचणी केली होती, जवळच्या अंतरावरून वेगवेगळ्या काडतुसांची गोळी कशी वागते ते बघितलं. त्यात पॉइंट ४५८ विंचेस्टर मॅग्नम, पॉइंट ३७५ एच अँड एच, पॉइंट ३३८ विंचेस्टर मॅग्नम वर होतेच, पण साधं पॉइंट ३०-०६ सुद्धा, २२० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) जड गोळी घातल्यावर, चांगलं निघालं. १९०६ सालचं काडतूस आहे हे, जवळजवळ कुठेही मिळतं, धक्का सहन होण्यासारखा असतो. ग्रीनलंडच्या ईशान्येला कुत्र्यांच्या गाड्यांवरून गस्त घालणारी डेन्मार्कची सिरियस पेट्रोल तुकडी ध्रुवीय अस्वलांच्या भागात अनेक दशकं याच काडतुसाची पहिल्या महायुद्धाच्या काळातली बोल्ट ॲक्शन (दर गोळीला हाताने खिट्टी मागेपुढे करायची) रायफल वापरत आली, कारण ती भयानक थंडीत अडत नाही.

ताकदीचा अंदाज यावा म्हणून साधारण आकडे देतो, ३०-०६ नळीतून निघताना ३,८०० ज्यूलच्या आसपास ऊर्जा देते, ३७५ एच अँड एच ५,७०० च्या आसपास, आणि ४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर १,३०० च्या आसपास. म्हणजे ४४ मॅग्नम हातात कितीही मोठी वाटली तरी रायफलच्या पंगतीत बसत नाही.

३७५ एच अँड एच १९१२ पासून आहे आणि मोठ्या अस्वलांच्या गाईड लोकांचं आवडतं आहे, ३०० ग्रेनची गोळी, हाड फोडून आत जाते. पण तिचा धक्का नवख्याला झेपत नाही. माणूस दुसऱ्या गोळीपासूनच ट्रिगर ओढताना डोळे मिटायला लागतो, आणि ही सवय लागली की जायला फार वेळ लागतो. माझं स्पष्ट मत, पहिली रायफल ३०-०६ घ्या, वर्षभर चालवा, मग वाटलं तर वर जा. अलास्काचं फिश अँड गेम खातं (मासेमारी-शिकारीचं सरकारी खातं) ३०० मॅग्नम वर्गातली रायफल किंवा स्लग (एकच मोठी जाड गोळी) भरलेली १२ गेज शॉटगन योग्य म्हणतं, आणि ४४ मॅग्नमसारखी जड हँडगन सुद्धा ऐनवेळी कमी पडू शकते, विशेषतः सराव नसलेल्या हातात, असं सांगतं. आणि ज्याला बंदुकीचा अनुभव नाही त्याला अस्वलापेक्षा बंदुकीनेच इजा व्हायची शक्यता जास्त हेही सांगतं, ते पटण्यासारखं आहे.

४५-७० काडतुसाची लिव्हर ॲक्शन रायफल (ट्रिगरजवळची दांडी खालीवर करून पुढचं काडतूस भरायचं) हा दुसरा चांगला पर्याय. काडतूस १८७३ चं, जाड, सावकाश जाणारं, ४०० ग्रेनच्या वरची कडक गोळी घातली की जवळच्या अंतरावर जबरदस्त खोल जातं. बंदूक आखूड असते, झुडपात अडकत नाही, पटकन खांद्याला लागते. फक्त जुन्या बंदुकांसाठी बनवलेली हलक्या दाबाची काडतुसं पण याच नावाने मिळतात, ती नकोत, आणि जड दाबाची काडतुसं तुमच्या बंदुकीला चालतात का हे आधी बघा.

रायफलला नळी २० इंचांच्या आसपास पुरे, स्टेनलेस आणि सिंथेटिक दस्ता असेल तर पावसाची चिंता नाही. दुर्बीण लावायचीच तर कमी पॉवरची, १ ते ४ वाली, आणि फिरताना १ वर ठेवलेली. नऊपट दुर्बिणीतून दहा मीटरवरचं अस्वल म्हणजे नुसते तपकिरी केस दिसतात. मी साध्या साइट्सच ठेवल्यात, मागे मोठं गोल छिद्र आणि पुढे पांढरा ठिपका.

शॉटगन

१२ गेज पंप ॲक्शन (नळीखालची मूठ मागेपुढे ओढून पुढचं काडतूस भरायचं) सगळ्यात स्वस्त पडते, रेमिंग्टन ८७० किंवा मॉसबर्ग ५०० घ्या, दोन्ही दणकट आहेत. पण यात सगळं स्लगवर अवलंबून आहे. बकशॉट म्हणजे छर्रे अजिबात नकोत, ते कातडी आणि चरबीतच अडकतात. साधा मऊ शिशाचा फॉस्टर स्लग हाडावर आपटला की चपटा होतो आणि वरच थांबतो, तो हरणासाठी. अस्वलासाठी कडक शिशाचा ब्रेनेके पद्धतीचा स्लग घ्या, त्यातला ब्लॅक मॅजिक मॅग्नम ६०२ ग्रेनचा म्हणजे ३९ ग्रॅमचा आहे, ३ इंची काडतूस लागतं त्याला, आणि त्याचा धक्का दात हलवणारा असतो हे पण माहीत असू द्या.

पंपमध्ये एक खोट आहे ती माझ्याच हातून झालीये. पहिल्या वर्षी मी पंप घेतली, रेंजवर सावकाश अगदी मस्त चालवायचो. मग एका प्रशिक्षकाने टायमर लावला आणि मागून ओरडायला लागला. पहिली गोळी उडाली, दुसऱ्या वेळी मी पंप पूर्ण मागे ओढलाच नाही, अर्ध्यातून पुढे ढकलला, आणि ट्रिगर ओढला तर नुसतं टक्. रिकामं काडतूस आतच होतं. तो म्हणाला, आता अस्वल तुझ्यावर बसलंय. घाईत हे भल्याभल्यांचं होतं, म्हणून पंप घेणार असाल तर मागे ओढताना जोर लावूनच ओढायचा, हळुवारपणा नको, आणि ते शेकडो वेळा करायचं, नकली काडतुसं घालून घरी करा, चालतं.

हँडगन

इथे लोक सगळ्यात जास्त वाद घालतात, आणि मी स्वतः बहुतेक वेळा हीच नेतो म्हणून थोडं थांबून लिहितो.

४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर १९५० च्या दशकातलं, अजूनही मध्यम मार्ग म्हणून उत्तम. २४० ग्रेनपासून ३०५ ग्रेनपर्यंत गोळ्या मिळतात. रिव्हॉल्व्हरचा मोठा फायदा म्हणजे काडतूस उडालं नाही तर फक्त परत ट्रिगर ओढायचा, दुसरं समोर येतं, आणि अस्वलाच्या अंगाला टेकवून मारली तरी ती चालते, पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे दाबली गेली तर पिस्तूल अडू शकतं. तोटा म्हणजे पाच-सहाच गोळ्या, आणि डबल ॲक्शनचा (ट्रिगर ओढल्यानेच घोडा मागे जाऊन पडतो तो प्रकार) जड ट्रिगर.

४५४ कसूल, ४६० आणि ५०० स्मिथ अँड वेसन हे कागदावर फार भारी दिसतात. ५०० चं काडतूस २००३ मध्ये आलं आणि त्याची ताकद साध्या रायफलच्या जवळ जाते. पण दीड-दोन किलोची ती वस्तू आखूड नळीतून पाच वेळा उडवून बघा, मग सांगा दुसरी गोळी किती वेळाने आणि कुठे गेली. मी ४५४ घेतलेली, तीच माझी चुकीची खरेदी. पहिल्या दिवशी तळहाताची कातडी सोलली गेली, आणि त्यानंतर सरावाला जायचंच मन होईना, दोन महिने ती कपाटात पडून होती. ज्या बंदुकीचा सराव नकोसा वाटतो ती अस्वलासाठी कामाची नाही, हे मी तिथे शिकलो आणि ती विकून टाकली.

आता १० एमएम पिस्तूल, मुख्यतः ग्लॉक २०. १५ गोळ्या, वजन कमी, धक्का कमी, थंडीत प्लास्टिकची पकड गोठत नाही. एकेक गोळी ४४ पेक्षा कमी ताकदीची, पण बहुतेक माणसं याने दोन सेकंदांत तीन-चार गोळ्या घालू शकतात जिथे ४४ ने एक-दोन जातात. सिरियस पेट्रोलच्या लोकांकडे आधी ९ एमएम होतं, ते ध्रुवीय अस्वलापुढे कमी वाटलं म्हणून त्यांनी हेच १० एमएम घेतलं. मी आज ग्लॉक २० च वापरतो, कारण माझ्या हाताला तेच जमतं. तुमच्या हाताला ४४ जमत असेल तर ४४ घ्या, मी अडवणार नाही.

९ एमएम चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. २०१६ मध्ये अलास्कातल्या एका जुन्या जाणत्या गाईडने अंगावर आलेलं ब्राऊन बेअर ९ एमएमने मारलं हे खरं आहे. पण त्याने साधी गोळी वापरली नव्हती, कडक १४७ ग्रेनची होती, आणि त्याच्यामागे अस्वलांमध्ये घालवलेली कित्येक दशकं होती. तुमच्याकडे फक्त ९ एमएमच असेल तर त्यात कडक गोळी घाला आणि स्प्रे पहिला समजा, पण नवीन विकत घेताना अस्वलासाठी म्हणून ती घेऊ नका.

गोळी, हिच्यावर कंजुषी नको

बंदुकीवर लोक महिनाभर विचार करतात आणि काडतूस जे दुकानात समोर दिसेल ते उचलतात. हे उलटं व्हायला हवं. घरच्या संरक्षणासाठीची होलो पॉइंट (टोकाला खळगा असलेली) गोळी आत गेल्यावर फुलते आणि मुद्दाम लवकर थांबते, माणसासाठी ते बरोबर, अस्वलासाठी तेच घातक. हँडगनमध्ये कडक शिशाची, चपट्या नाकाची, जड गोळी हवी, तिला हार्ड कास्ट म्हणतात, किंवा अखंड तांब्याची. चपटं नाक हाडावरून कमी घसरतं आणि सरळ रेषेत जातं. ४४ ला ३०० ग्रेनच्या आसपास, १० एमएमला २०० ते २२०. रायफलला बाहेरचं आवरण आणि आतला गाभा एकमेकांना चिकटवलेली बाँडेड गोळी किंवा अखंड तांब्याची.

मी आणि एका मित्राने एकदा पाण्याचे गॅलनचे कॅन एकामागे एक ओळीत लावून मारून बघितलं. ४४ ची होलो पॉइंट चौथ्या कॅनमध्ये सापडली, फुलासारखी उमललेली. त्याच रिव्हॉल्व्हरमधून हार्ड कास्ट सहाही कॅनमधून जाऊन मागच्या मातीच्या बांधात घुसली, उकरून काढली तर नाकाला नुसता ओरखडा. पाणी म्हणजे अस्वल नाही, पण एकाच बंदुकीत गोळीने किती फरक पडतो ते डोळ्याने दिसलं.

आणि नवीन गोळी तुमच्या बंदुकीत कमीत कमी पन्नास वेळा चालवून बघा. काही पिस्तुलांत चपट्या नाकाची गोळी चेंबरमध्ये (नळीच्या मागे काडतूस बसतं त्या खणात) जाताना अडते, रिव्हॉल्व्हरमध्ये हलकी बंदूक आणि जड गोळी असेल तर धक्क्याने बाकीच्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकतात आणि सिलिंडर फिरत नाही. हे रेंजवर कळलेलं बरं.

अंगावर कशी ठेवायची

गळ्याशी आलं होतं म्हणालो ते हे. ऑगस्टमधली गोष्ट, सामन माशांचा मोसम, अलास्कातल्याच कीनाय भागातल्या एका ओढ्याच्या काठाने चाललो होतो, पाऊस बारीक लागलेला, पाण्याचा आवाज मोठा. ४४ कमरेला होती. वळणावर ऑल्डरमधून मादी बाहेर आली, मागे दोन पिल्लं, वीस पावलंसुद्धा नसतील. माझा हात खाली गेला आणि हाताला लागला रेनकोट, चेन गळ्यापर्यंत लावलेली, त्याच्याखाली सॅकचा कमरपट्टा, आणि त्या पट्ट्याच्या खाली होल्स्टर (बंदुकीचं म्यान). बोटं नुसती कापडावर फिरत होती. ती दोन पायांवर उभी राहिली, नाकाने जोरात फुसकारली, तोंडातून लाळ लोंबत होती ती दिसली मला, मग खाली बसून पिल्लांना घेऊन परत झाडीत शिरली. मी हळू आवाजात बोलत मागे मागे सरकलो. तिने ठरवलं असतं तर माझी बंदूक कुठली होती याला काहीच अर्थ नव्हता.

त्या दिवसापासून छातीवरचं होल्स्टर, रेनकोटच्या आणि सॅकच्या पट्ट्यांच्या वरून. हात कुठेही असो, छातीपर्यंत सरळ येतो, पाण्यात कमरेपर्यंत गेलात तरी कोरडं राहतं. स्प्रे दुसऱ्या हाताला, सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर. रायफल नेत असाल तर ती सॅकला बांधायची नाही, खांद्यावर लोंबती किंवा हातात, आणि रात्री तंबूत हाताशी, टॉर्चच्या शेजारी, रोज त्याच जागी.

चेंबरमध्ये काडतूस ठेवायचं का? बरेच जण एकत्र चालत असाल तर घसरून पडून आपल्याच माणसाला लागायचा धोका अस्वलापेक्षा मोठा असतो. स्वालबार्डमध्ये (नॉर्वेची उत्तरेकडची बेटं, ध्रुवीय अस्वलांचा भाग) रायफलचं मॅगझिन (काडतुसांचा साठा) भरलेलं आणि चेंबर रिकामं अशी पद्धत आहे, ती मला पटते. ट्रिगर झाकणाऱ्या चांगल्या होल्स्टरमधल्या हँडगनची गोष्ट वेगळी.

सराव आणि नेम

महिन्यातून दोनदा रेंजवर जा, आणि १०० मीटरवर टेबलावर टेकवून मारत बसू नका. ७ मीटर आणि १५ मीटर, उभं राहून, सॅक आणि हातमोजे घालून, बंदूक जिथे ठेवता तिथूनच काढून, टायमर लावून दोन गोळ्या ताटाएवढ्या गोलात. हे तीन सेकंदांत जमत नसेल तर ती बंदूक अजून तुमची झालेली नाही. गुडघ्यावर बसून आणि पाठीवर पडून सुद्धा मारून बघा, प्रशिक्षक बरोबर असताना.

सेफ्टी डोळे मिटून कळली पाहिजे. २०११ मध्ये स्वालबार्डला ब्रिटिश विद्यार्थ्यांच्या कॅम्पमध्ये ध्रुवीय अस्वल शिरलं, एक मुलगा गेला, चार जण जखमी झाले, आणि तिथली रायफल चार वेळा प्रयत्न करूनही उडाली नव्हती. जुन्या माऊजर पद्धतीच्या रायफलला सेफ्टीच्या तीन जागा असतात, मधल्या जागेवर बोल्ट मोकळा चालतो, काडतुसं आत-बाहेर होतात, पण गोळी उडत नाही. अशी बंदूक वापरणाऱ्याने हे हाताला शिकवून ठेवायलाच हवं.

समोरून येणाऱ्या अस्वलाचं कपाळ मोठं दिसतं पण कवटी मागे उतरती असते आणि मेंदू खाली, मागच्या बाजूला असतो, त्यामुळे डोळ्यांच्या वर मारलेली गोळी वाया जायची शक्यता जास्त. हनुवटीच्या खाली छातीच्या मध्यावर धरा, आडवं असेल तर खांद्याच्या हाडावर, आणि ते पडेपर्यंत किंवा वळेपर्यंत थांबू नका. इशाऱ्याची गोळी हवेत मारायची का, तर बंदुकीत पाचच गोळ्या असतील आणि अस्वल निघालेलं असेल तर नाही. लांब उभं असेल, वेळ असेल, तर ओरडा, एकत्र उभे राहा, स्वालबार्डला त्यासाठी फ्लेअर पिस्तूल (अस्वलाला घाबरवायला उजेडाचा बार उडवणारं) वेगळं ठेवतात.

बरीचशी धाव खोटी असते, अस्वल काही मीटरवर येऊन वळतं. कुठल्या क्षणी मारायचं हे मी लिहून देऊ शकत नाही, पण ज्याचा स्प्रे आणि हात दोन्ही तयार असतात त्याला एक सेकंद जास्त मिळतो एवढं नक्की.

थंडीची काळजी

कडक थंडीत नेहमीचं तेल घट्ट होतं आणि फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी पिन) सावकाश पडते, म्हणून जुनं तेल पूर्ण पुसून थंडीचं पातळ वंगण अगदी थोडं लावा. बाहेरून गरम केबिनमध्ये बंदूक आणली की तिच्यावर पाणी जमतं आणि परत बाहेर नेली की आतच बर्फ होतो, त्यामुळे ती बाहेरच थंड जागी, कुलपात ठेवतात. नळीच्या तोंडावर साधी चिकटपट्टी लावा, बर्फ आणि चिखल आत जात नाही आणि गोळी तिच्यातून आरामात जाते.

गोळी मारावी लागलीच तर

आधी माणसं मोजा, मग परत काडतूस भरा, आणि अस्वलाजवळ लगेच जाऊ नका, पिल्लं किंवा दुसरं अस्वल आसपास असू शकतं. पडलेलं अस्वल मेलंय असं धरून चालू नका, मागच्या बाजूने, लांबून, बराच वेळ बघा. ते जखमी होऊन झाडीत गेलं असेल तर एकट्याने मागे जायचं नाही, ताबडतोब वाइल्डलाइफ ट्रूपर्सना (राज्याचे वन्यजीव पोलीस) किंवा फिश अँड गेम खात्याला कळवा, मागून येणाऱ्या दुसऱ्या माणसाला ते भेटू नये म्हणून.

अलास्कात जीव किंवा मालमत्ता वाचवण्यासाठी अस्वल मारता येतं, पण तुम्ही त्याला डिवचलं असेल किंवा कॅम्पमध्ये खाणं-कचरा उघडा टाकला असेल तर ही सूट मिळत नाही. आणि अस्वल तुमचं होत नाही, नखांसकट कातडं आणि कवटी तुम्हालाच काढून खात्याकडे जमा करावी लागते, लेखी अहवाल १५ दिवसांच्या आत द्यायचा. म्हणून माझ्या सॅकमध्ये छोटी धारदार सुरी, मोठी प्लास्टिकची पिशवी आणि त्या खात्याचा नंबर लिहिलेला कागद कायम असतो, आणि निघण्याआधी बंदूक तपासतो तेव्हा तो कागद पण बघून घेतो.